दांडा नसलेली सायकल

अश्फाक परकारने बोलेरोखाली
आधी गोणपाट सरकवलं, मग स्वतःला.
तिथूनच म्हणाला, चेसिस अजून घट्ट आहे,
हिच बसेल. किती सायकली?
दोन, मोरेश्वर म्हणाला.
एक, आणि एक लेडीज.

तीन आठवडे आमच्या ताटांच्या मध्ये रॅक होता.
स्वस्तातला टांगायचा: दोन हात पुढे केलेले,
सायकल मधल्या दांड्यावर अडकवायची
ओल्या पंचासारखी.
महागातला खालून उचलणारा:
चाकं पन्हळीत, वरून आकडा,
वजन बावीस किलो,
किंमत जेवताना काढू नये अशी.

माझ्या सायकलीला मधला दांडा नाही.
साडीत बँकेत जायचे तेव्हा घेतलेली.
हँडलकडून निघते ती खाली झुकते,
होडीच्या पोटासारखी, आणि मग सीटपाशी वर येते.

खोटा दांडा मिळतो, मोरेश्वर म्हणाला.
हँडल ते सीट, लावला की झालं. नऊशे रुपये.

मी आमसूल ताटाच्या कडेला ठेवलं.
सव्वीस वर्षं रोख मोजली आहे मी.
खोटं बोटांना कळतं.

खालून उचलणारा घेतला.

आता बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर.
दार उघडायचं तर रॅक लांब हवा,
म्हणून अश्फाकने वीतभर नळी जादा जोडली,
पिन ठोकली, वर क्लिप,
आणि दोन्ही सायकली धरून गाडीच हलवून बघितली.
म्हणाला, हलणार तर सगळं एकत्र हललं पाहिजे.

पण नळीत नळी, मध्ये केसाएवढी फट.
त्या केसात दाभोळचा अख्खा उतार खडखडत होता.
फणसाखाली थांबलो. पाना, वॉशर, बोल्ट.
मोरेश्वर वाकलेला, मी टॉर्च धरलेली, भर दुपारी.

धक्क्यावर ओहोटी.
फेरीबोटीची फळी खोल गेलेली,
आणि ती वीतभर जादा नळी
सिमेंटला अशी घासली
की रांगेतल्या मासळीवालीने
डोक्यावरच्या पाटीचा हात काढून कानावर नेला.
बोटीवरचा पोरगा ओरडला,
काका, तिरपी घ्या! शेपूट आहे तुम्हाला!

तिरपी घेतली.
खाडीच्या मध्यावर इंजिनाच्या थरथरीने
माझी घंटी वाजायला लागली,
एकटीच, अधूनमधून,
पाण्याकडे वाट मागत असल्यासारखी.
मोरेश्वर तिच्यावर हात ठेवायला उठला.
मी म्हटलं, बस.

धोपाव्याला हवालदाराने विचारलं, नंबर कुठाय?
मोरेश्वरने स्पोकांच्या मागे बोट दाखवलं.
वाचता येतो की, थोडा थोडा.
हवालदार वाकून वाचू लागला, शून्यापाशी अडकला,
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
ही कुणाची?
माझी.
चालवता?

आकडा वर केला, पट्टे सोडले,
पन्हळीतून पुढचं चाक उचललं, मग मागचं.
साडी आता नेसत नाही मी,
तरी पाय तसाच मधून घातला,
सवयीने, त्या रिकाम्या जागेतून.
वेळणेश्वरापर्यंत चढ किती हे कुणी नीट सांगत नाही.
मोरेश्वर दुसऱ्या चढाला उतरून चालला.
मी पण उतरले, पण वळणाच्या पुढे,
त्याला दिसणार नाही तिथे.

घरी आल्यावर सायकली गोड्या पाण्याने धुतल्या.
रॅक धुवायचा राहिला.

आता अंधारात अंगणातून येताना
तो रिकामा हात रोज माझ्या नडगीला लागतो.
निळा डाग, त्याच्या शेजारी पिवळा, जुना.
काढून टाकू म्हणाला मोरेश्वर,
आणि बराच वेळ पिन ओढत बसला.
खाऱ्याने धरली आहे, म्हणाला. हातोडी आणतो.

राहू दे, म्हटलं.
रविवार चार दिवसांवर आलाय.